गाळलेली हवा

तिला सगळे तोफ म्हणायचे. फाटकावरच्या पहारेकऱ्याने ठेवलेलं नाव. त्याने एकदा तिची पिशवी उलटीपालटी करून तपासली, तेव्हा तिने त्याला असं काही सुनावलं की पुढे तो ती पिशवी दुरूनच बघायचा.

काम म्हणाल तर संशोधन संस्थेच्या तळघरातल्या उंदरांची उस्तवार. पिंजऱ्यातला भुसा बदलायचा, दाणापाणी बघायचं, पिल्लं जरा मोठी झाली की त्यांच्या कानाचा राईएवढा तुकडा काढून बारक्या नळीत टाकायचा. ती नळी वरच्या मजल्यावर जायची. तिथे त्या तुकड्यातून डीएनए काढून, त्याच्या लाखो नकला करून, जेलीच्या पट्टीवर त्याच्या रेघा उमटवून बघायचे: या पिल्लात ते जनुक आहे की गेलंय? कारण हे उंदीर साधे नव्हते. त्यांच्या खापरपणज्या अजून एका पेशीएवढ्या होत्या, तेव्हाच रेणूंच्या कात्रीने त्यांचं एक जनुक कापलं होतं. तो तुटकेपणा पिढ्यान्‌पिढ्या उतरत आलेला.

आणि हे सगळं कशासाठी? दम्यासाठी. उंदराला आपणहून दमा होत नाही, मुद्दाम करावा लागतो. मग बघायचं, ते जनुक नसलेला उंदीर कमी धापा टाकतो का. हे संशोधन मॅडमचं, म्हणजे प्रयोगशाळेच्या प्रमुखबाईंचं.

उंदरांचा थाट असा की प्रत्येक पिंजऱ्याला वेगळी, गाळलेली हवा. कुठला जंतू लागायला नको. त्यांनी वापरलेली हवा, म्हणजे मुताचा वास आणि केसांचा भुगा, एका जाड नळीतून भिंतीतल्या धुराड्यात आणि तिथून इमारतीबाहेर जायची. जायला हवी होती, असं म्हणू. कारण मागच्या वर्षी उंदरिणीच्या इवल्याशा अंड्यात सुई टोचून जनुक कापायचं नवं यंत्र आलं. त्याला जागा हवी म्हणून पिंजऱ्यांच्या मांडण्या समोरच्या भिंतीला सरकवल्या आणि नळी धुराड्यापर्यंत पुरेना. मांडण्या हलवणारा म्हणाला, "जोडतो उद्या." तो उद्या उगवलाच नाही. नळीचं तोंड उघडं, सगळी घाण हवा खोलीत. उंदीर मजेत. दिवसभर त्या खोलीत उभी राहणारी बाई एकच.

आधी तिचं नाक गळायला लागलं. मग डोळे. मग छातीत शीळ. "तोफ आता शिट्ट्या मारायला लागली," धुलाईखोलीतली मैत्रीण म्हणाली आणि दोघी खदाखदा हसल्या. हसता हसता तोफेला श्वासच मिळेना, तेव्हा मैत्रिणीचं तोंड पांढरं पडलं.

तोफ मॅडमकडे गेली. "ती नळी जोडा हो. जीव जातोय माझा."

"सांगितलंय मी. सामान यायचंय."

"यंत्राचं सामान बरं लगेच येतं?"

"त्याचा निधी वेगळा असतो. तुम्ही आधी डॉक्टरांना दाखवा."

संस्थेचा डॉक्टर मान वर न करता विचारत होता. "घरी मांजर? गालिचा?"

"गालिचा? डॉक्टर, माझ्या घरी एक पायपुसणं आहे, तेही मी रोज झटकते."

"झटकता ना? तेच ते!"

झालं. दमा घरच्या धुळीचा, बाई कामाला नालायक. महिनाअखेरीस घरी बसा.

आता यात कुणी अडाणी नव्हतं, हे ध्यानात घ्या. उंदराच्या मुतातली प्रथिनं माणसाची छाती बिघडवतात, हे मॅडमना पाढ्यासारखं पाठ. नव्या मुलांना त्या पहिल्याच दिवशी बजावायच्या, खाली जाताना मुखपट्टी बांधा. माहीत नसतं तर एक वेळ सोडून दिलं असतं. माहीत असून त्यांनी डॉक्टरला तिच्या पायपुसण्यावर खापर फोडू दिलं!

संध्याकाळी तोफ घरी भांडी आपटत होती. दीर एसी बसवायचा, तो नुकताच आलेला. "वहिनी, त्या पातेल्याने काय घोडं मारलंय तुमचं?"

"तुझ्याकडे जाड नळी उरलेली असते ना?"

"कुणाला बांधायचंय?"

"बांधायचं नाही, हुंगवायचंय."

सगळं ऐकल्यावर तो म्हणाला, "एवढंच ना? मीच येऊन धुराड्याला जोडून देतो."

"म्हणजे त्यांचं कामही आपणच करायचं? आणि नळी जोडली की म्हणतील, कुठे काय होतं? दमा माझ्या घरचाच राहील."

दुसऱ्या दिवशी तिने आधी सगळे पिंजरे नीट बदलले. उंदरांशी तिचं भांडण नव्हतं. मग स्टुलावर चढली, उघड्या तोंडाला दिराची नळी जोडली, चिकटपट्टीने करकचून आवळली. मांडण्यांच्या मागे छताजवळ कुठल्या तरी जुन्या पाइपाचं भोक होतं. भोकापलीकडे मॅडमची तळघरातली बसायची खोली. नळीचं दुसरं टोक तिने त्या भोकात खुपसलं आणि खाली उतरून धापा टाकत बसली.

दुपारी मॅडम नाकाला रुमाल लावून दारात. "माझ्या खोलीत हा वास कसला?" मग नळी दिसली. "तुम्ही केलंत हे? डोकं ठिकाणावर आहे का? नोकरी जाईल!"

"ती चाललीच आहे. आणि वास म्हणाल तर घरच्या धुळीचा असेल. घरी मांजर आहे? गालिचा?"

मॅडम शिंकल्या. पुन्हा शिंकल्या.

"तुम्ही माणसाच्या जागी उंदीर ठेवता ना?" तोफ उठली. "त्याला दमा व्हावा म्हणून केवढा खटाटोप! आणि मला फुकटात करून दिलात. उंदराचा दमा खरा, आणि माझा..."

पुढचे शब्द छातीतच अडकले. टेबल धरून ती वाकली. शिळेचा आवाज पंख्यांच्या घरघरीतही स्पष्ट ऐकू येत होता. मॅडमनी हात पुढे केला, तो तिने झिडकारला. खिशातला दम्याच्या औषधाचा पंप तोंडात दाबला. मॅडम नुसत्या बघत राहिल्या. धापा टाकणारं काहीतरी बघणं हाच त्यांचा धंदा, पण इतक्या जवळून पहिल्यांदाच.

"डॉक्टरांशी बोलते मी," शेवटी त्या म्हणाल्या.

"इथूनच बोला. माझ्यासमोर."

मॅडमनी फोन लावला. "दमा कामामुळे झालाय. हो, आमच्याच खोलीमुळे. मी सांगतेय ना!"

तासाभरात मिस्त्री हजर. वर्षभर न आलेलं सामान त्याच्या खांद्यावरच होतं.

तोफेला काढलं नाही, मैत्रिणीसोबत धुलाईखोलीत बाटल्या धुण्यावर घातलं. दमा मात्र तिच्याकडेच राहिला. जिन्यात ती मध्येच थांबते. "दमलीस का गं तोफे?" असं पहारेकऱ्याने विचारलं तर शिवी हासडायलाही जरा वेळ लागतो. लागला तरी ती हासडते.

उंदरांच्या खोलीत आता नवी बाई आहे. तोफ अधूनमधून मुखपट्टी बांधून तिथे जाते आणि नळी धुराड्याला मिळते तिथे तळवा धरून बघते, हवा कुठून निसटत तर नाही ना.

"मॅडम म्हणाल्या, ठीक आहे ते सगळं," नवी बाई म्हणाली.

"म्हणू देत. तू हात लावून बघ."