मुदतवाढीचे पेढे

बहरीनमध्ये कुणाचीही मुदत वाढली की आमच्या घरी पेढे येतात. बाबांच्या व्हिसाची असो, शेजारच्या चाचांच्या दुकानाच्या परवान्याची असो. पुढची दोन वर्षं इथे राहू दिलं, की तोंड गोड करायचं. का राहू दिलं, कुणी दिलं, हे विचारायचं नाही.

बाबा मआमीरजवळच्या कारखान्यात अकाउंटंट आहेत. या उन्हाळ्यात ते निवृत्त होतील आणि नोकरीबरोबर व्हिसाही संपेल. परत गेल्यावर डोक्यावर छप्पर हवं, म्हणून त्यांनी आणि चाचांनी इथल्याच अदलिया भागात एका हॉटेलात भरलेल्या घरांच्या प्रदर्शनात भारतातले दोन फ्लॅट बुक केले होते. फ्लॅट सातव्या मजल्यावर. इमारत चौथ्यावर थांबली आहे. बिल्डरांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी कार्यालयाने ताबा द्यायचा आदेश काढला. बिल्डरने ढुंकूनही पाहिलं नाही.

त्याच कार्यालयाच्या कायद्याची मुदत संपत आली होती. ती वाढवणाऱ्या नव्या विधेयकात आदेश मोडणाऱ्याची मालमत्ता थेट जप्त करण्याचा अधिकार हवा, असं पत्रक मी लिहिलं आणि आमदारांना पाठवलं. एका शुक्रवारी, सुट्टी असल्याने, आम्ही आमच्या हमद टाउनच्या घरात तिकडच्या विधानसभेचं कामकाज मोबाइलवर लावून बसलो. चाचा नमाजला जाण्याआधी आले.

सभागृहात दुसऱ्याच विषयावर गोंधळ चालू होता. त्या गोंधळातच विधेयक मताला टाकलं गेलं आणि मंजूर झालं.

"खलास?" चाचा म्हणाले. "आमच्यात 'कबूल' म्हणायलासुद्धा याच्याहून जास्त वेळ लागतो."

"मुदत वाढली ना? मग झालं," बाबा म्हणाले. आईने पेढे आणूनच ठेवले होते.

मी मोबाइलवर विधेयक वाचून दाखवलं. कार्यालय राहणार, तिथल्या साहेबांच्या गाड्या राहणार. जप्तीबद्दल अक्षर नाही.

"तू घरातही पत्रकासारखीच बोलतेस," बाबा म्हणाले. "पेढा घे."

महिनाभरात त्या कार्यालयाचा मेसेज आला. बिल्डर आणखी मुदत मागतो आहे, ग्राहकांची संमती हवी. बाबांनी लगेच संमती दिली, चाचांनीही. मी भांडले.

"अगं, नाही म्हटलं तर सगळंच बंद पडेल," बाबा म्हणाले. "मुदत आहे तोवर आशा आहे."

उभं आयुष्य दुसऱ्याच्या मर्जीवर काढलेल्या माणसाला हक्कसुद्धा मेहेरबानी वाटू लागतो. मला त्यांचा राग येतो. ज्यांनी त्यांना असं घडवलं, त्यांचा त्याहून जास्त. पण ते कुणी माझ्यासमोर पेढा खात बसलेले नसतात.

काल बाबांनी मला तिकडे भाड्याची जागा शोधायला सांगितलं. आईचे गुडघे दुखतात, लिफ्ट असलेली बघ म्हणाले.

"अकराच महिन्यांचा करार करतात तिथे," मी म्हटलं.

"चालेल," ते म्हणाले. "आपल्याला सवय आहे."