इन्शिराह खाला आणि बाबांचा वस्तरा

इजिप्तमधल्या तांता शहरात आमच्या गल्लीतली प्रत्येक नवरी इन्शिराह खालाच्या हाताखालून गेलेली आहे. साखर, लिंबू आणि पाणी यांचा पाक ती बोटांवर ताणते, पायाला थापते आणि केसांसकट ओढते. ह्याला हलावा म्हणतात. खायचा नसतो. मी खाल्लाय, बरा लागतो.

बाकीच्या उपायांबद्दल तिची मतं ठरलेली आहेत. "क्रीम? नवरीला नासक्या अंड्याचा वास? दोरा चेहऱ्याला उत्तम. पायाला घेतला तर पहिलं बाळंतपण होईपर्यंत बसा करत. वस्तरा पुरुषांना. दोन दिवसांत पाय नाही, किसणी. आणि ते लेझर, ते तर भाजतं."

माझी थोरली बहीण विग्दान बँकेत काम करते. लग्न गुरुवारी, आणि सोमवारी तिनं गुपचूप लेझरवाल्यांकडे वेळ घेतली. त्यांनी फोनवर सांगितलं, वस्तरा फिरवून या. तिनं फिरवला. तिथं गेल्यावर कळलं, आठ महिने लागतील.

बुधवारी, मेंदीच्या दिवशी दुपारी, खालानं हलावा थापला आणि ओढला. काही आलंच नाही. केस तांदळाएवढा असल्याशिवाय हलावा धरत नाही. विग्दानचे खसखशीएवढे होते.

"कुणी केलं हे?"

"मीच, खाला."

"चाळीस वर्षं," खाला म्हणाली. "उद्या तुझी सासू म्हणेल, इन्शिराहचा हात गेला. मग तिच्या दोन मुली येतील का माझ्याकडे? आणि त्या नाही आल्या तर गल्लीतली कोण येईल?"

सासू, म्हणजे हाज्जा बहीगा, बाहेरच बायकांत बसली होती. आमच्याकडे आतून किंकाळी आली की बाहेर टाळ्या पडतात. किंकाळी नाही म्हणजे काम नाही.

खालानं मला बाबांचा वस्तरा आणायला पाठवलं. मी तो घेऊन आत आल्यावर तिनं दाराला कडी घातली.

"मी फिरवते. तू ओरड."

विग्दान ओरडली.

"हे झुरळ बघितल्याचं झालं. आधी श्वास अडकव, मग पोटातून. शेवटी आईला हाक."

"आई गंऽऽ!"

बाहेर टाळ्या. एक पाय झाला.

दुसऱ्या पायाला विग्दानला अंगात आल्यासारखं झालं. "मेले गं! नको मला नवरा!"

"जास्त करू नकोस," खाला म्हणाली.

काम संपल्यावर खालानं वस्तरा टॉवेलखाली सारला आणि कडी काढली. हाज्जा आत आली. तिनं विग्दानच्या नडगीवरून तळहात फिरवला.

"गुळगुळीत. किती टिकेल?"

हे प्रत्येक सासू विचारते. खाला प्रत्येकीला सांगते, तीन आठवडे, आणि ते टिकतंही. विग्दान छताकडे बघत होती.

"शुक्रवार सकाळपर्यंत," खाला म्हणाली. "वस्तरा आहे, हाज्जा."

हाज्जानं मागे हात नेऊन दार लावलं.

"हिनं केलं ना आधी?"

"हो."

"वाटलंच. बँकवाली." हाज्जा स्टुलावर बसली. "माझ्या पोरी तुझ्याकडेच पाठवीन. महिनाभर आधी घरातले सगळे वस्तरे कुलपात ठेवून. बाहेर काही बोलायचं नाही. आता माझी मिशी काढ. दोऱ्यानं."

खालानं दोरा दातांत धरला. दातांत दोरा असताना तिला बोलता येत नाही, त्यामुळे पुढचा अर्धा तास हाज्जाच बोलत होती.