अबोलीचा वळेसर आणि सिक्युरिटीचा ट्रे

परवा सासूबाईंना पहिल्यांदा विमानात बसवलं... मोपाहून हैदराबाद.

नणंदेला, दीपाला, सातवा महिना. डॉक्टरांनी प्रवास नको म्हटलं, म्हणून 'फुलां माळप', म्हणजे गरोदर लेकीला फुलं माळायचा आमचा गोव्याकडचा सोहळा, तिच्याकडे हैदराबादलाच करायचं ठरलं. आमच्या घरात पहिली फुलं आईच्या परसातलीच लागतात... सासूबाईंनी पहाटे अबोली काढून वळेसर, म्हणजे केसांत माळायचा गजरा, गुंफला, केळीच्या पानात बांधला आणि कारापूरच्या घरापासून मांडीवर धरून बसल्या.

वाटेत मी अख्खा विमानतळ शिकवला. गोव्यात आता दोन आहेत, तेव्हा तिकिटावर मोपा की दाबोळी ते आधी बघायचं. आधार कार्ड हातात ठेवायचं. ओटीचा नारळ मोठ्या बॅगेत, जवळ नाही... त्या मान हलवत होत्या.

सगळं छान चाललं होतं. सिक्युरिटीला पुढच्या माणसाने बूट काढून ट्रेमध्ये ठेवले, आणि सासूबाई थांबल्याच.

"ह्यात लोकांच्या व्हाणो घालतात गो! मी फुलां ठेवची ना."

मागे रांग खोळंबली. मी हळूच म्हटलं, "आई, तिथे पोचल्यावर पाणी शिंपडू..."

"तुझ्या फुलां माळपाक शिंपडून घातलेली चलली असती तुका?"

माझ्या वेळचा वळेसरही त्यांनीच गुंफला होता...

वर्दीतल्या बाई जवळ आल्या. मला वाटलं, आता ओरडा बसणार. सासूबाईंनी त्यांना पान दाखवून आपल्या हिंदीत सांगितलं, "बेटी का है. सातवा महिना." आणि माझ्याकडे वळल्या, "तुझी ओढणी दी. धुतलेली मगे?"

फोटोंसाठी घेतलेली माझी नवी रेशमी ओढणी... चार पदरी घडी होऊन ट्रेमध्ये गेली. तिच्यावर फुलं बसली.

मशीनच्या पलीकडे त्या बाईंना पुडी उघडून बघायची होती. त्यांनी हात पुढे केला... आणि मागे घेतला. "आप ही खोलिए माताजी, मैं हाथ नहीं लगाती."

सासूबाईंनी पान उलगडलं. बाईंनी वाकून पाहिलं, हसल्या, मान हलवली. एवढंच. मागची रांग पुढे सरकली.

संध्याकाळी दीपा पाटावर बसली. सासूबाईंनी वळेसर तिच्या हातात दिला, नुसता बघायला. अबोलीला वास नसतो, हे तिला लहानपणापासून माहीत... तरी तिने तो नाकाशी धरला आणि बराच वेळ खाली घेतला नाही.

मग एकेक बाई पुढे होऊन तिला फुलं माळत गेली. त्या वर्दीतल्या बाईंचं नाव विचारायचं राहिलंच... पण माळणाऱ्यांमध्ये मी मनातल्या मनात त्यांनाही धरलं.