बेस गिटारची घरघर

माझ्या जुन्या बेस गिटारला एक खोड आहे. तारांवर हात असेपर्यंत ती शांत असते. हात उचलला की स्पीकरमधून घरघर सुरू होते. दुरुस्त करून घेणं काही अवघड नाही.

गिटार ऑर्केस्ट्रात वाजवणाऱ्या देसाईकाकांची. ते गेल्यावर काकूंनी मला दिली. परवा काकू घरी आल्या, म्हणून वाजवून दाखवली. त्यांनी नुसती मान डोलावली. मी हात उचलला, घरघर सुरू झाली आणि त्यांचे डोळे भरून आले.

"हे प्रॅक्टिस संपली तरी गिटार नुसती मांडीवर घेऊन बसून राहायचे. मी आतून ओरडायचे, आधी ती घरघर बंद करा!"

माणूस गेल्यावर त्याचे सूर आठवतील असं वाटतं. आठवते ती त्याची कटकट.

मी स्विचकडे हात नेला.

"राहू दे रे," काकू म्हणाल्या.