आपला नव्हे

ताई दिवसभर सरकारी कचेरीत पत्रं टाइप करायची आणि घरी आल्यावर चित्रपटांना सबटायटल्स लावायची. हे दुसरं काम तिला कुणी सांगितलं नव्हतं. तिचा दादा जन्मापासून बहिरा. पडद्यावर माणसं ओठ हलवायची आणि हा बापडा बहिणीच्या तोंडाकडे बघत बसायचा. शेवटी तिने इंटरनेटवरून एका चित्रपटाची चोरीची प्रत उतरवली, वाक्य न् वाक्य ऐकून खाली टाइप केलं आणि सगळं परत इंटरनेटवर टाकून दिलं. असे दादा काय आपल्या एकटीच्याच घरात आहेत, असं तिचं म्हणणं.

ती आवाजही लिहायची. दार करकरतंय, शिट्टी वाजली. एकदा ‘कुत्रा भुंकतोय’ वाचून दादा तडक अंगणात गेला, तर त्यांचं म्हातारं कुत्रं गाढ झोपलेलं. तेव्हापासून कुत्रा आला की ती लिही, ‘कुत्रा भुंकतोय. आपला नव्हे.’ दादा दर वेळी पोट धरून हसे, म्हणून ती ओळ तिने कधीच काढली नाही.

मग चित्रपट कंपनीच्या वकिलाचं पत्र आलं. तुमच्यामुळे चोरीच्या प्रती फोफावल्या, आमची विक्री बसली, तसं लिहून माफी मागा, नाहीतर खटला. खटला म्हणजे नोकरीवर गदा. ताई घाबरली.

पण ‘विक्री बसली’ हे मात्र तिच्या डोक्यात गेलं. दादाने चाळीस वर्षांत एक डीव्हीडी विकत घेतली नव्हती. घेऊन करणार काय? तिच्या सबटायटल्सनी त्याला चटक लागली, आणि आता कंपनीनेच त्यातल्या एका चित्रपटाची सबटायटल्सवाली डीव्हीडी काढली म्हटल्यावर तो चार बहिऱ्या मित्रांना घेऊन दुकान उघडायच्या आधी दारात हजर. पाचही जणांनी घेतली.

घरी ती लावली आणि थोड्या वेळाने दादा पोट धरून हसायला लागला. ताई स्वयंपाकघरातून धावत आली. पडद्यावर कुत्रा होता, आणि खाली तिची ओळ.

दुसऱ्या दिवशी ताई वकिलाच्या ऑफिसात गेली, तेव्हा त्याने माफीचा कागद पुढे सरकवला. “इथे सही करा मॅडम, आणि मोकळ्या व्हा.”

“चित्रपट मी उचलला, ते लिहून देते. विक्री बुडवली हे नाही लिहिणार.” तिने दादाची डीव्हीडी वकिलाच्या कॉम्प्युटरवर लावली आणि नेमक्या जागी थांबवली.

वकिलाने वाचलं. “आपला नव्हे म्हणजे?”

“म्हणजे पडद्यावरचा कुत्रा आमचा नव्हे. आमचा तुमच्या चित्रपटात नाही, वकीलसाहेब. आमच्या अंगणात आहे. मग ही ओळ तुमच्या डीव्हीडीवर आली कुठून?”

वकील बाहेर जाऊन फोनवर हळू आवाजात बराच वेळ बोलला. परत आला तो कागद उचलायलाच. ताईने त्यावर हात ठेवला. मग पेन घेऊन माफी मागणाऱ्याच्या जागी असलेलं स्वतःचं नाव खोडलं आणि तिथे कंपनीचं नाव लिहिलं, आणि विक्रीच्या ओळीच्या जागी ‘सबटायटल्स उचलली’ असं.

“हे तुमचं,” ती म्हणाली. “माझं मी वेगळं टाइप करून आणते, फक्त उचलल्याचं. दोन्हींवर सह्या एकदमच करू.”