माणसाएवढा खड्डा

बीदरमध्ये विमानाच्या आवाजानं मान वर करणारा माणूस पाहुणा समजावा. आम्ही बघत नाही. शहरालगतच्या कोळारच्या औद्योगिक वसाहतीत आमची डाळमिल आहे. तूर भरडताना शेजारी उभ्या माणसाचं बोलणं ऐकू येत नाही, आणि वर शिकाऊ वैमानिकांची विमानं सकाळपासून घिरट्या घालत असतात. आवाज बंद झाले तरच आम्ही दचकतो. माझा धाकटा भाऊ याच आभाळात विमान चालवायला शिकला, तेव्हा मात्र काही महिने मीही पाहुण्यासारखी वर बघायचे. त्यातलं त्याचं कुठलं ते मला कधी कळलं नाही. अव्वाला कळायचं. "त्यो बघ, आपला," म्हणून ती खात्रीनं बोट दाखवायची, आणि थोड्या वेळानं आलेलं दुसरंही आपलंच असायचं.

अव्वा म्हणजे आमची आई. अप्पा गेल्यावर तिला मी आमच्या गावाहून, कोहिनूरहून, माझ्याकडं आणलं. आम्ही बसवेश्वरांना मानणारी माणसं, घरात मराठी आणि कन्नड दोन्ही चालतात, भांडण कुठल्या भाषेत सुरू झालं आणि कुठल्या भाषेत संपलं हे कुणाच्या लक्षात राहत नाही. आमच्यात मूल जन्मलं की त्याच्या गळ्यात लिंग बांधतात. ते चांदीच्या छोट्या डबीत असतं, डबी दोऱ्यात ओवलेली असते, आणि ती मरेपर्यंत अंगावरून उतरत नाही. रोज सकाळी डाव्या तळहातावर घेऊन त्याची पूजा करायची. माणूस गेला की त्याला जाळत नाहीत, बसवून पुरतात, आणि ते लिंग त्याच्या त्याच डाव्या हातात ठेवतात. लिंग एकीकडे आणि माणूस दुसरीकडे असं आमच्यात होत नाही. धाकट्याचं एकदा विहिरीत पोहताना दोरा तुटून लिंग पाण्यात गेलं. अव्वा विहिरीच्या काठावर जाऊन बसली आणि गावातल्या पोहणाऱ्यांना ते सापडेपर्यंत तिनं पाण्याचा घोट घेतला नाही. पोर काठावर धडधाकट उभं होतं, तरी ती त्याच्याकडं बघत नव्हती.

हे सगळं सांगितलं कारण पुढचं त्याशिवाय कळायचं नाही.

शिकून झाल्यावर त्याला उत्तरेकडं पाठवलं. सुट्टीवर आला की मिलमध्ये येऊन बसायचा, हमालांशी दख्खनीत गप्पा मारायचा आणि माझ्या डब्यातलं खायचा. लग्नाचं विचारलं की हसून बाहेर पळायचा. एकदा मीच पिच्छा पुरवला की तू तिकडं नेमकं करतोस तरी काय. त्यानं आधी टाळलं. मग म्हणाला, "अक्का, शत्रूची क्षेपणास्त्रं लपवलेली असतात. त्यांचं रडार बंद असलं की कुठं हायेत ते कळत न्हाई. रडार चालू केलं की कळतं. पण ते चालू कधी करतात? समोर विमान दिसलं की."

"मग?"

"मग कुणीतरी दिसावं लागतं."

तरी मला नीट उमगेना. तेव्हा तो म्हणाला, आपल्याकडं उसात रानडुकरं शिरली की काय करतो आपण? एकजण आधी आत घुसतो, आणि बाकीचे बाहेर काठ्या घेऊन उभे राहतात. आम्ही ते आधी घुसणारे. मी त्याला म्हटलं, त्या आधी घुसणाऱ्याला गावात वेडा म्हणतात. तो खो खो हसला. "अव्वाला सांगू नको बघ," एवढंच म्हणाला, आणि मी सांगितलं नाही.

मग त्या उन्हाळ्यात लढाई जुंपली. टीव्हीवर नकाशे, बाण आणि ओरडणारी माणसं. आमच्या शेजाऱ्यांना एकाएकी युद्धशास्त्र कळायला लागलं होतं. पिठाच्या गिरणीतला माणूससुद्धा मला सांगायचा की आपण कुठं बॉम्ब टाकायला पाहिजेत. चौकात पोरांनी फटाके उडवले, तेव्हा एकेकाच्या कानाखाली जाळ काढावासा वाटला. अव्वा टीव्हीकडं पाठ करून भाजी निवडत बसायची. बंद कर म्हणायची नाही, वळून बघायचीही नाही. फोन लागत नव्हता. कुणी विचारलं तर ती म्हणायची, "त्येच्या गळ्यात लिंग हाय. मला काय काळजी?" आणि मला ते ऐकून बरं वाटायचं, हे मी कबूल करते. मी फार देवभोळी नाही, पण त्या दिवसांत तिच्याच विश्वासावर माझं भागत होतं.

लढाई थांबल्याची बातमी आधी आली. तो बेपत्ता असल्याची नंतर आली. हवाई दलाच्या तळावरचे अधिकारी घरी आले, अदबीनं बसले आणि शोध चालू आहे म्हणाले. अव्वानं त्यांना ताक दिलं. त्यांना तिचा एकच प्रश्न होता, "लिंग होतं न्हवं अंगावर?" त्यांना प्रश्न समजला नाही. मी हिंदीत सांगितल्यावर त्यातल्या थोरल्यानं एकदा शेजारच्या अधिकाऱ्याकडं पाहिलं आणि चौकशी करतो म्हणाला. अव्वाला तेवढं पुरलं. होतंच, असं तिनं त्यातून काढलं.

काही दिवसांनी एक तरुण आला. साध्या कपड्यांत होता, खांद्याला धाकट्याची पिशवी होती. धाकट्याबरोबरच उडायचा तो, त्याच्या मागच्या विमानात होता. आल्या आल्या तो अव्वाच्या पाया पडला. मग पिशवी खाली ठेवून त्यानं खिशातून पांढऱ्या रुमालाची घडी काढली, उलगडली आणि दोन्ही हातांनी चांदीची डबी तिच्या तळहातावर ठेवली. त्याचा हेतू चांगलाच होता. देवाची वस्तू आधी आईच्या हातात द्यावी, बाकी सामान नंतर, असं त्यानं वाटेत ठरवलं असणार. त्या पोराला काय ठाऊक की आमच्यात असं कुणाच्या हातात माणसाशिवाय नुसतं लिंग ठेवत नाहीत.

अव्वानं डबी पाहिली. दोरा पाहिला, तो तिनंच वळून दिलेला होता. ती रडली नाही. उठली, न्हाणीघरात गेली आणि डोक्यावरून पाणी घेतलं. भर दुपारी. बाहेर तो पोरगा माझ्याकडं बघत होता.

त्याला मी मिलच्या अंगणात घेऊन गेले. त्या दिवशी यंत्रं बंद होती. तो म्हणाला, सीमेपलीकडं जाताना कुणीही स्वतःची ओळख पटेल असं काही अंगावर ठेवायचं नसतं. पाकीट, फोटो, नावाची पट्टी, अंगठी, गळ्यातलं, सगळं काढून ठेवायचं. नियम सगळ्यांना सारखा. धाकट्यानं बाकीचं आधीच दिलं होतं, हे मात्र विमानाच्या शिडीपाशी जाईपर्यंत गळ्यात ठेवलं. मग काढलं, कपाळाला लावलं आणि याच्या हातात देऊन म्हणाला, हे वेगळं ठेव, बुटांबरोबर टाकू नको.

"आणि मग?" मी विचारलं.

मग ते गेले. धाकटा पुढं होता. तो मुद्दाम उंच गेला. रडार चालू झालं, मागच्यांनी ते हेरलं आणि उडवलं. पण ते उडण्याआधीच खालून एक क्षेपणास्त्र सुटलं होतं. धाकट्यानं विमान वळवलं, एकदा चुकवलं. दुसरं आलं ते या मुलानं पाहिलं.

"पॅराशूट?"

"नहीं दिखा, दीदी." तो म्हणाला, धूर फार होता, आणि मागं वळायची परवानगी नव्हती. त्याच्यामुळं बाकीचे सगळे सुखरूप परत आले, असंही तो म्हणाला. मला त्या सगळ्यांचा त्या क्षणी इतका राग आला की मी त्याला चहासुद्धा विचारला नाही.

पण मी 'दिसलं नाही' हे शब्द घट्ट धरून ठेवले. दिसलं नाही म्हणजे नव्हतंच असं कुठं आहे? धूर होता म्हणतो. कागदावर बेपत्ता लिहिलंय. डोंगरात पडला असेल, कुणाच्या घरात असेल, कैदेत असेल. माझं असं चाललेलं, आणि इकडं अव्वानं गावाला निरोप धाडलेला, खड्डा खणायला माणसं बघा म्हणून.

मी तिच्याशी इतकी कधी भांडले नव्हते. "देह न्हाई, खबर न्हाई, आन् तू त्येला पुरायला निघालीस?" मी ओरडले.

"लिंग घरी आलंय," ती म्हणाली.

"त्यानं नियम म्हणून काढलं! विचार त्या पोराला!"

"त्येनं काढलं, व्हय. सोताच्या हातानं काढलं." तिचा आवाज जराही चढला नाही. "कामून ओरडायलीस? त्येला कळत नव्हतं व्हय, काढल्यावर काय होतं ते? कळून गेलाय पोरगा. आता ते असं उघड्यावर ठेवू का म्या?"

तिच्या दृष्टीनं लिंग त्याच्यापाशी पोचवायचं होतं, आणि पोचवायची तिला ठाऊक असलेली वाट एकच होती. माझ्या दृष्टीनं ती स्वतःच्या हातानं त्याला मारत होती. दोन दिवस आम्ही एकमेकींच्या हातचं जेवलो नाही. शेवटी मी गाडी काढली ती तिला एकटीला जाऊ द्यायचं नाही म्हणून. वाटेत सांगून ठेवलं, मी माती टाकणार नाही. ती खिडकीतून बाहेर बघत राहिली.

कोहिनूरला आमच्या शेतात अप्पांची समाधी आहे. तिच्या शेजारी माणसांनी एक हातभर खड्डा खणून ठेवला होता. ठेवायचं काय, तर एवढीशी डबी. त्यांचंही चुकलं नव्हतं. अव्वा त्या खड्ड्याकडं बघत उभी राहिली, आणि मग लिंबाखाली बसलेल्या सगळ्या बाप्यांवर कडाडली, "माझं पोर एवढंसं होतं व्हय? मापानं खणा!"

आता माप म्हणजे काय, तर आमच्यात खड्डा मेलेल्या माणसाच्या पावलानं मोजतात. त्याची नऊ पावलं. भिंतीत कोनाडा काढतात आणि त्यात त्याला मांडी घालून बसवतात. हे सगळे विधी करणारे आमचे स्वामी हळू आवाजात म्हणाले, "अव्वा, पाऊल कुठून आणायचं?"

मग अव्वानं माझ्याकडं पाहिलं आणि म्हणाली, "पिशवीत बूट हायेत बघ त्येचे."

पिशवी तिनं निघतानाच गाडीत ठेवली होती, आत त्याचे धावायचे बूट होते. बूट घेऊन समाधीच्या जागेवर जाता येत नाही, म्हणून मी गाडीतच बसले. डिकीत मिलची सुतळी नेहमी असते, तिचा तुकडा घेतला आणि मोजायला बुटात हात घातला. आत अंगठ्याच्या जागी खळगा पडलेला होता. बाकीच्या बोटांचेही खळगे होते, टाचेचा होता. त्याचं अख्खं पाऊल आत होतं, फक्त पाऊल नव्हतं. मी किती वेळ हात तसाच ठेवून बसले ते मला आठवत नाही. कुणीतरी काच वाजवली तेव्हा सुतळी कापली आणि नेऊन दिली.

दुपार कलेपर्यंत माणसं खणत होती. काळी माती संपून खालचा मुरूम लागला. त्या सुतळीनं ते पुन्हा पुन्हा मोजायचे. कोनाडा झाल्यावर त्यात बेलाची पानं अंथरली, विभूती टाकली, मीठ टाकलं. एक माणूस आरामात बसेल एवढी जागा होती, आणि त्या जागेच्या मधोमध स्वामींनी ती डबी ठेवली. एवढ्या मोठ्या खड्ड्यात ती कुठं आहे हे वरून शोधावं लागत होतं.

मंत्र झाले. पहिली मूठ आईची. अव्वा काठाशी वाकली, मूठभर माती घेतली, हात पुढं केला आणि हात तसाच राहिला. सगळे वाट बघत होते. इतके दिवस जिचा आवाज हलला नव्हता ती बाई एकदम लहान पोरीसारखं बोलली.

"थांबा गा. आला तर गळ्यात काय घालील त्यो?"

सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं. तो येणार म्हणून गावभर भांडणारी मीच होते. स्वामी तर काठावर गुडघे टेकून डबी परत काढायला वाकलेही होते, मी नुसती मान हलवायचा अवकाश होता. काढून दिली असती तर ती तिनं उशाशी ठेवली असती, आणि मग मरेपर्यंत रोज दाराकडं बघितलं असतं. मलाही तेच पाहिजे होतं ना?

मी तिच्याजवळ जाऊन बसले.

"न्हाई यायचा, अव्वा," मी म्हटलं. हे मी पहिल्यांदाच बोलत होते, आणि बोलल्यावर ते खरं झालं.

तिची मूठ घट्ट होती. एकेक बोट सोडवत ती मी माझ्या हातानं उघडली.