बंदरातलं जहाज का हलत होतं

“माझं जहाज कोणी थांबवलं?”

व्हिडिओ कॉलवर युरोपातला दिग्दर्शक ओरडत होता. गळ्यात रेशमी रुमाल, मागे कपाटात चामडी बांधणीची पुस्तकं. माझ्या शेजारी आमचे बॉस मिस्टर तान खुर्चीत खाली खाली सरकत होते.

आमचा स्टुडिओ सिंगापुरात, काम व्हीएफएक्सचं. म्हणजे नट कोरड्या जमिनीवर उभे राहतात आणि आम्ही त्यांच्यामागे समुद्र आणून ओततो. हा सिनेमा एका अजरामर सागरी साहसकथेवरचा. चाचे, खजिना, तीन डोलकाठ्यांचं जहाज. बजेट असं, की एखाद्या राजाने हेवा करावा. फक्त एक बारीकशी गोष्ट होती. या चाच्यांना खजिन्यापेक्षा एकमेकांतच जास्त रस होता. सिनेमा ‘त्या’ प्रकारचा होता.

असलं चित्रण इथे कायद्याने आणता येत नाही. म्हणून क्लायंट पुढची माणसं करड्या चौकोनाने झाकून शॉट पाठवायचा. आम्हाला दिसायची केबिन, छताला टांगलेला कंदील आणि रिकामी खिडकी. खिडकीत समुद्र भरायचा, एवढंच काम. चौकोनामागे काय आहे, हे फक्त तानना आणि मला ठाऊक. करारात गुप्ततेची अट होती. “टीमला सांगायचं नाही, लाह,” ताननी आपल्या सिंगापुरी ढंगात बजावलं होतं. टीमला वाटायचं, कोणीतरी फार मोठा स्टार आहे.

टीमची प्रमुख मृणाल. मूळची पुण्याची, इथे बिशान भागात आई आणि मुलीबरोबर राहते, कामात भयंकर काटेकोर. तिने शॉट पाहिला. कथेप्रमाणे जहाज बंदरात नांगर टाकून उभं. वारा नाही, लाट नाही. तरी कंदील झुलतोय आणि भिंती हलताहेत. कॅमेरामन प्यायलेला दिसतोय, असं म्हणून तिने अख्खा प्रसंग स्टॅबिलाइझ केला. म्हणजे चित्रातली हालचाल मोजायची आणि तेवढीच उलटी लावायची. सगळं जागच्या जागी गोठतं.

क्लायंटने चौकोन काढून आपली माणसं परत बसवली, आणि हा कॉल आला.

“माझी माणसं एवढे कष्ट घेताहेत आणि जहाज बँकेच्या इमारतीसारखं ढिम्म!” दिग्दर्शक कळवळला. “अख्खी केबिन स्प्रिंगांवर बांधली होती मी! सोमवारपर्यंत दुरुस्त करा, नाहीतर पुढचे भाग दुसरीकडे देईन.”

पुढचे भाग गेले की मृणालची टीम जाणार. टीम गेली की तिचा एम्प्लॉयमेंट पास, म्हणजे इथे काम करायचा परवाना, जाणार. मग मुलीची शाळा सोडा, फ्लॅट सोडा आणि बॅगा भरा.

“तू सांग तिला,” तान मला म्हणाले. “तुमच्या भाषेत सभ्य वाटेल.”

आमच्या भाषेत ते कसं वाटतं, हे तानना कुठलं माहीत! मी मृणालला पॅन्ट्रीत नेलं, हातात कॉफी दिली आणि शृंगाररसापासून सुरुवात केली.

“अहो श्रीकांत, कीर्तन कसलं करताय? मुद्द्याचं बोला.”

“त्या चौकोनामागे दोघं आहेत.”

“मग?”

“जहाज त्यांच्यामुळे हलतंय.”

 ती इतकी हसली, की कॉफी माझ्या शर्टावर. “आणि मी रोज त्या बिचाऱ्या कॅमेरामनला शिव्या घालतेय!” एकदम गंभीर होऊन म्हणाली, “पण ते चुकीचंच आहे हं. एवढं मोठं जहाज दोघांच्याने हलणं शक्यच नाही.”

“मृणाल, अगं तुझा पास...”

“थांबा हो. हलायलाच हवंय ना? वादळ लावते.”

तिने हालचाल परत आणली. खिडकीतलं बंदर पुसून काळेकुट्ट ढग भरले, आणि लाटेचा प्रत्येक तडाखा कंदिलाच्या झोक्याशी जुळवला. सोमवारी दिग्दर्शकाने ते पाहिलं आणि रेशमी रुमाल डोळ्यांना लावला.

“निसर्गसुद्धा सामील झाला!”

पुढचे सगळे भाग आम्हालाच मिळाले. मृणालचा पास शाबूत राहिला. धडा एवढाच, की काही हलताना दिसलं तर थांबवण्याआधी कारण विचारावं. कारण सांगण्यासारखं नसेल, तर हवामान बदलावं.

परवा तिच्याकडे जेवायला गेलो होतो. तिच्या आईने आमटी वाढता वाढता विचारलं, “काय रे श्रीकांत, हिचा तो समुद्रावरचा सिनेमा इथे कधी लागणार? अख्ख्या बिल्डिंगला सांगून ठेवलंय मी.”

“इथे नाही लागायचा, काकू.”

“का रे?”

मी मृणालकडे पाहिलं. तिने शांतपणे पोळीवर तूप घातलं.

“आई, त्यात वादळ फार आहे.”